शिंकणाऱ्या मांजराची शुश्रूषा: घरातील मंडळींसाठी पथ्यापथ्यविचार

१. प्रस्ताव व परिभाषा

मांजर दत्तक घेणे या विधीचा सोळा संस्कारांत समावेश नसल्यामुळे त्याचा मुहूर्त, मंत्र व प्रायश्चित्त यांविषयी एकवाक्यता आढळत नाही. मात्र विधीनंतर आठवडाभरात दत्तक प्राणी पुष्कळदा शिंकू लागतो, याविषयी जाणकारांत मतभेद नाही. प्रस्तुत विवेचनासाठी नमुना म्हणून पुण्यातील एका सहकारी गृहरचना संस्थेतील दोन शयनगृहांचा शाकाहारी फ्लॅट, त्यात नांदणारे तीन पिढ्यांचे कुटुंब आणि आषाढातील पावसात पार्किंगमधल्या स्कूटरच्या कव्हराखाली सापडलेले, सुमारे तीन महिन्यांचे, ‘मनी’ असे नामकरण झालेले पिल्लू गृहीत धरले आहे. यापुढे ‘रुग्ण’ म्हणजे मनी, ‘परिचारक’ म्हणजे जिच्या हातावर ओरखडे आहेत ती व्यक्ती, आणि ‘शुभचिंतक’ म्हणजे जिच्या हातावर एकही ओरखडा नसून जिच्यापाशी सल्ला मात्र विपुल आहे ती व्यक्ती, असे समजावे.

२. कारणमीमांसा

पहिली शिंक ऐकू येताच कुटुंबात कारणांचा शोध सुरू होतो, आणि प्रत्येक सदस्य त्याला आधीपासूनच खटकत असलेली गोष्ट कारण म्हणून पुढे करतो: आजोबा पंख्याला दोष देतात, आजी कोणीतरी गुपचूप चाटवलेल्या दह्याला, सूनबाई आजोबांच्या उदबत्तीला आणि नातू शाळेला. वस्तुतः मांजरांच्या वरच्या श्वसनमार्गाच्या, म्हणजे नाक, घसा व डोळ्यांच्या आतील अस्तराच्या संसर्गामागे बहुतांश वेळा दोन विषाणू असतात, एक मांजरांचा हर्पिसविषाणू आणि दुसरा कॅलिसिविषाणू. त्यांच्या जोडीला क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा व बोर्डेटेला हे जीवाणू कधी स्वतंत्रपणे, तर कधी विषाणूंनी मोकळ्या केलेल्या वाटेने आत शिरतात. ‘हर्पिस’ हा शब्द पशुवैद्याच्या तोंडून बाहेर पडताच आजोबा खुर्ची मागे सरकवतात व सूनबाई नातवाला बाहेर पाठवतात, म्हणून येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे की मांजरांचा हर्पिसविषाणू हा मांजरांच्याच कुळाचा असून तो माणसाला होत नाही, आणि त्यावरून रुग्णाच्या चारित्र्याविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

हर्पिसविषाणूची वागणूक मात्र विचारात घेण्याजोगी आहे. एकदा शरीरात आलेला हा विषाणू बहुतेक मांजरांतून पुन्हा बाहेर जात नाही. आजार ओसरल्यावर तो चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाशी असलेल्या पेशींच्या पुंजक्यात निद्रिस्त राहतो. या अवस्थेला ‘सुप्त संसर्ग’ म्हणतात, आणि तिचे स्वरूप अकरा महिन्यांच्या भाडेकराराचे नसून मुंबईतील पागडीच्या खोलीचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे भाडेकरू हलवण्याचे प्रयत्न का फसतात ते कळते. मांजरावर ताण आला की हा भाडेकरू जागा होतो, सुमारे आठवड्याने नाकाडोळ्यांतील स्रावांतून विषाणू बाहेर पडू लागतात आणि हा क्रम एक-दोन आठवडे चालतो. ताणाच्या कारणांत नवे घर, नवी माणसे, नवे वास व नवे आवाज यांना अग्रस्थान असल्यामुळे एक अवघड निष्कर्ष निघतो: रुग्णाच्या आजाराचे निमित्त पंखा किंवा दही नसून पुष्कळदा दत्तकविधान हेच असते, आणि ज्या उत्साहाने कुटुंबाने त्याचे स्वागत केले तोच उत्साह त्याच्या नाकातून बाहेर पडत असतो.

३. निदान

शिंका, डोळ्यांतून पाणी, नाकातून पातळ व नंतर घट्ट पिवळट स्राव, सुस्ती आणि अन्नावरील वासना उडणे ही सर्वसामान्य लक्षणे होत. जिभेवर किंवा टाळूवर व्रण दिसल्यास अथवा मांजर तात्पुरते लंगडू लागल्यास कॅलिसिविषाणूचा संशय घेतात, तर डोळ्याच्या पारदर्शक पटलावरील, म्हणजे स्वच्छमंडलावरील, व्रण हर्पिसविषाणूकडे बोट दाखवतात. आजीने कपाळाला तळहात लावून ‘अंग तापलंय’ असा निर्णय देणे ही प्राचीन पद्धत येथे निरुपयोगी ठरते, कारण निरोगी मांजराचे तापमान सुमारे ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असल्यामुळे ते माणसाच्या हाताला सदैव तापलेलेच लागते. अचूक मोजमापासाठी तापमापी गुदद्वारात घालावी लागते; हे ऐकल्यावर शुभचिंतकांना आपापली कामे आठवतात.

४. विलगीकरण व खोके

रुग्णाला एका शांत, उबदार, वारा न लागणाऱ्या खोलीत ठेवावे, आणि घरात आधीची मांजरे असल्यास त्यांच्यापासून निदान दोन आठवडे वेगळे करावे. शिंकेचे तुषार मीटरभर अंतर सहज ओलांडतात व विषाणू वाट्या, कपडे आणि हात यांवरूनही प्रवास करतात. खोलीतील सर्वांत महत्त्वाचे उपकरण म्हणजे एका बाजूने दार कापलेले पुठ्ठ्याचे खोके होय. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्राणिनिवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की ज्यांना लपायला खोके मिळाले त्यांचा ताण, खोके न मिळालेल्या मांजरांपेक्षा लवकर उतरला. रुग्ण खोक्यात बसला असता त्याला बाहेर काढून मांडीवर घेणे, व्हिडिओ कॉलवर नागपूरच्या मावशीला दाखवणे किंवा शेजारच्या मुलांना पाळीपाळीने आत डोकावू देणे ही कृत्ये प्रेमापोटी घडत असली, तरी विषाणूच्या दृष्टीने ती निमंत्रणपत्रिकाच असते.

स्वच्छतेबाबत एक सूचना ठळकपणे द्यावी लागते. मराठी घरात रोगजंतू या शब्दाबरोबर फिनाईलची बाटली आपोआप हातात येते; परंतु फेनॉल वर्गातील जंतुनाशकांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट जमत नाही, आणि पुसलेल्या फरशीवरून चाललेले मांजर ते द्रव्य पंजे चाटून पोटात घेते. हर्पिसविषाणू ओलसर जागी सुमारे १८ तास टिकतो, पण कॅलिसिविषाणू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, कधी महिनाभरही, तग धरतो. त्यासाठी आधी साबणाने धुतलेल्या भांड्यांना व फरशीला १ भाग साधे ब्लीच आणि ३२ भाग पाणी हे मिश्रण १० मिनिटे लावून, मग स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करावे, आणि तोवर रुग्णाला त्या जागेपासून दूर ठेवावे.

५. आहारविचार

मांजर जिभेपेक्षा नाकाने जेवते. नाक चोंदले की अन्नाचा वास येत नाही, वास आला नाही की ते अन्न आहे असे मांजर मानत नाही, आणि दोन-तीन दिवस उपास घडला तर शरीरातील चरबी यकृतात साचून ते निकामी होऊ लागते. या विकाराला ‘यकृतमेद’ म्हणता येईल. त्यामुळे एकादशीचे पुण्य या प्राण्याला लागू होत नाही. अन्न अंगाच्या उबेइतके कोमट केल्यास त्याचा वास पसरतो, आणि जितका वास उग्र तितकी आशा अधिक.

येथेच नमुना कुटुंबाची खरी कसोटी लागते. टॉरिन नावाचे, डोळे व हृदय यांना आवश्यक असलेले द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही व ते मांसमासळीतूनच मिळते, म्हणून मांजराचा मांसाहार ही आवड नसून शरीराची अट आहे. वरणभात नाकारणाऱ्या रुग्णासाठी अखेर गॅलरीत एक वेगळी शेगडी, एक वेगळे पातेले आणि काटे काढलेला उकडलेला बांगडा यांची व्यवस्था होते. आजी नाकाला पदर लावून दाराआडून ‘मीठ नको, कांदा-लसूण तर मुळीच नको’ असे मार्गदर्शन करतात, आणि ते शास्त्रशुद्ध असते, कारण कांदा व लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. पिढ्यान्‌पिढ्या चातुर्मासात पाळलेला नियम पशुवैद्यकात असा उपयोगी पडावा, ही गोष्ट कुटुंबात पुढे बराच काळ सांगितली जाते.

६. औषध पाजण्याचा विधी

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांचा प्रश्न सर्वश्रुत आहे. परंतु त्याच गळ्यात औषध कोणी उतरवायचे, हा माणसांचा प्रश्न त्याहून बिकट आहे. जुना पंचा पसरून रुग्णाला मधोमध ठेवावे, आधी डावी व मग उजवी बाजू घट्ट आणून त्याची सुरळीची वडी करावी, आणि केवळ डोके बाहेर राहील असे पाहावे. पुढचा पंजा बाहेर राहिल्यास वडी फसली असे समजून पुन्हा आरंभ करावा. सुई काढलेली पिचकारी तोंडाच्या कोपऱ्यातून, सुळ्याच्या मागच्या फटीत सरकवून औषध थेंबाथेंबाने सोडावे. पशुवैद्याने डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली असल्यास तिच्यामागून ५–६ मिलिलिटर पाणी पाजणे अनिवार्य आहे, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करते. प्रतिजैविके, म्हणजे जीवाणू मारणारी औषधे, विषाणूवर चालत नसल्यामुळे ताप नसलेल्या, खाणाऱ्यापिणाऱ्या मांजराला पहिले काही दिवस पशुवैद्य ती देतही नाहीत, आणि बहुतेक रुग्ण सात ते दहा दिवसांत आपोआप सुधारतात. परिचारकाला हे सत्य पचवणे जड जाते, कारण मग ओरखड्यांचे श्रेय कोणाला द्यायचे हा प्रश्न उरतो.

डोळे व नाक मात्र दिवसातून दोन-तीनदा कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घेऊन, टिपावेत. वाफेसाठी बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडून, दार बंद करून, रुग्णासह १०–१५ मिनिटे कोरड्या कोपऱ्यात बसावे. पाण्यात काहीही घालू नये.

७. निषिद्धे

‘काहीही घालू नये’ या तीन शब्दांवर मराठी घरात सर्वाधिक वाद होतो, कारण सर्दीवरील उपायांचा वारसा येथे समृद्ध आहे. निलगिरीचे तेल, कापूर, पुदिन्याचा अर्क असलेले मलम, ओवा व वेखंडाची धुरी, आल्याचा काढा आणि हळदीचे दूध यांनी माणसांच्या अनेक पिढ्या वाढवल्या असतील; परंतु मांजराच्या यकृतात अशी सुगंधी द्रव्ये व अनेक औषधे विरघळवून बाहेर टाकणाऱ्या विकराची उणीव असल्यामुळे निलगिरी, कापूर व मलम ही त्याला विषासमान आहेत, धूर त्याच्या सुजलेल्या श्वासनलिकेला आणखी चेतवतो, आणि दूध पुष्कळदा अतिसार घडवते. सर्वांत घातक वस्तू मात्र औषधाच्या डब्यात निरागसपणे पडलेली असते: पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते, कारण तिच्यापासून तयार होणारे विष रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट करते व हिरड्या तपकिरी पडतात. त्याचप्रमाणे, उरलेले स्टेरॉइडयुक्त डोळ्यांचे थेंब वापरू नयेत, कारण हर्पिसचा व्रण त्यांनी चिघळतो. एके काळी सर्रास दिली जाणारी लायसिनची पूडही आता उपयोगशून्य मानली जाते.

८. धोक्याची लक्षणे

तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या पडणे, डोळा घट्ट मिटून ठेवणे, मोठ्या मांजराने दिवसभर व पिल्लाने अर्धा दिवस काहीही न खाणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास हे मार्गदर्शन मिटून तत्काळ पशुवैद्य गाठावा; रिक्षात शुभचिंतकांना घेऊ नये.

९. उपसंहार

बरे झाल्यावर तिहेरी लस टोचून घ्यावी. पिल्लांना ती दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत देतात. ती संसर्ग पूर्णपणे रोखत नसली तरी त्याची तीव्रता कमी करते. पागडीचा भाडेकरू मात्र जागेवरच राहतो, त्यामुळे दिवाळीचे फटाके, घराची रंगरंगोटी किंवा पाहुण्यांचा मुक्काम यांनंतर सुमारे आठवड्याने पुन्हा शिंका ऐकू येणे अपेक्षित आहे. कुटुंबाने अशा दोन-तीन आवर्तनांची कॅलेंडरवर नोंद ठेवली की कार्यकारणभाव लख्ख दिसू लागतो, आणि आजपर्यंत संकोचामुळे जे कधीही बोलता आले नव्हते ते आजी फोनवर सहज बोलून जातात: ‘विहीणबाई, यंदा गणपतीत पंधरा दिवस राहायचं नका ठरवू, आरतीला येऊन जा, आमच्या मनीला पाहुणे सोसत नाहीत, डॉक्टरांनीच सांगितलंय.’ हा निरोप शास्त्राच्या कसोटीवर खरा उतरतो, हेच प्रस्तुत विद्याशाखेचे सर्वांत टिकाऊ व्यावहारिक फलित मानावे लागेल.