चार क्रेडिट्सचा प्रश्न

एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी वर्गात पहिली आले, हे वाक्य या लेखात मी कुठे ना कुठे घुसवणारच होते. म्हटलं, आधीच उरकून घ्यावं. नवऱ्याची बदली झाली, अमरावती सुटलं आणि ४४ क्रेडिट्स घेऊन मी नव्या विद्यापीठाच्या खिडकीपाशी, माहेरून भरपूर सोनं आणलेल्या सुनेच्या तोऱ्यात उभी राहिले. खिडकीतल्या मुलाने माझ्या ‘अपार’ या विद्यार्थी-ओळखक्रमांकाचे १२ आकडे टाकले.

“काकू, क्रेडिट्स दिसतायत. पण सगळे बसणार नाहीत.”

“आणि पहिला नंबर दिसतोय का?”

“त्याला रकाना नाहीये.”

वर्गात १५ तास बसलं की एक क्रेडिट. हाताने काही करायचं असेल तर ३० तासांना एक. हा दुसरा भाव कळल्यापासून माझी झोप उडाली आहे. पोळ्या हे हाताने करायचं काम आहे की नाही? कणीक भिजवण्यापासून ओटा पुसेपर्यंत रोजचा तास धरा (आमच्याकडे घडीच्या लागतात). वर्षाचे ३६५ तास, म्हणजे १२ क्रेडिट्स. वरचे पाच तास होळीच्या पुरणाला. एम.ए.ला लागतात ८८. सात वर्षं खाडा न करता लाटल्या तर होतात ८४. आठव्या वर्षी पदवी पदरात पडावी, तर यूजीसीचा २०२१चा नियम आडवा येतो: अकॅडमिक बँकेतलं क्रेडिट फार तर सात वर्षं टिकतं. म्हणजे आठव्या वर्षीच्या पोळ्या जमा होईतो पहिल्या वर्षीच्या शिळ्या! जन्मभर लाटा, खातं ८४च्या वर सरकत नाही. नवऱ्याला हे सगळं मांडून दाखवलं. तो म्हणाला, “मग पोळ्यांना बाई लाव ना.”

असो. अडला तो एकच पेपर, चार क्रेडिट्सचा. लोकसाहित्य. तिकडे ऐच्छिक होता, इकडे तिसऱ्या सत्रात अनिवार्य. ऐच्छिकाचे क्रेडिट्स अनिवार्याला चालत नाहीत म्हणे. म्हणजे तो पुन्हा करायचा, शिवाय ऐच्छिकाचं भगदाड बुजवायला पहिल्या सत्राच्या मुलांत बसायचं. तीन रंगांच्या पेनांनी वेळापत्रक आखून मी फ्रिजवर लावलं. मंगळवारी साडेअकराला मी दोन वर्गांत आहे.

इथवर मी हसत होते. पण त्या पेपरसाठी मी अचलपूरकडच्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. जातं केव्हाच परसात पडलेलं. आत्या मांडीशी नुसता हात फिरवायची, तेव्हा कुठे पुढची ओळ यायची. चहाचा कप हातात दिला की ओवी बंद. हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांच्या कामातून अशा एक लाखाहून जास्त ओव्या नोंदल्या गेल्या. त्या ज्यांनी गायल्या, त्या बायांच्या नावावर कुठल्या बँकेत काय जमा आहे? माझे क्रेडिट्स तपासणाऱ्या समितीच्या कागदावर त्या पेपरपुढे एकच ओळ होती: ‘समतुल्य नाही.’ आत्याच्या गाण्याला समतुल्य काय असतं, ते मलाही बघायचंय.

रागाने तिलाच फोन लावला. “आत्या, तोच पेपर पुन्हा द्यायचाय.”

“मंग ये ना वं. लय राह्यल्या अजून सांगाच्या.”

दिवाळीच्या सुट्टीत जाते आहे. ओव्या अंतर्गत मूल्यमापनालाही चालतात, हे खिडकीवर विचारून घेतलंय. आणि वर्गातल्या बाकीच्या मुलांना अशी आत्या नाही, हेही पाहून ठेवलंय.