पंचविशीतलं घर

माणसानं ऐन पंचविशीत घर बांधायला काढू नये. वडिलांच्या तांब्याच्या खाणीतल्या भागभांडवलाचा पैसा हाताशी, लग्न नुकतंच झालेलं आणि वास्तुकार म्हणून आपलाच अठ्ठावीस वर्षांचा मित्र, असा योग असेल तर मुळीच काढू नये. 1859 साली इंग्रज कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिसला हे सांगणारं कोणी भेटलं नसावं. आदल्या वर्षी तो आणि हा वास्तुकार मित्र, फिलिप वेब, सीन नदीत होडी वल्हवत फ्रान्समध्ये भटकत होते. तेव्हाच प्रवासी मार्गदर्शिकेतल्या एका नकाशाच्या कोऱ्या पाठीवर या घराच्या पहिल्या रेघा उमटल्या. पुढे लंडनच्या आग्नेयेला, बेक्स्लीहीथच्या एका फळबागेत ‘रेड हाउस’ उभं राहिलं. नकाशाच्या मागच्या बाजूला जन्मलेलं घर दिशांच्या बाबतीत थोडं गाफील असायचंच. दिवाणखाना आणि जेवणघर दोन्ही उत्तरेला तोंड करून बसली आहेत. इंग्लंडसारख्या देशात, जिथे ऊन पाहुण्यासारखं येतं आणि पाणीही न पिता जातं, तिथे ही दोघं त्याच्याकडे पाठ फिरवून आहेत.

त्या काळी चांगल्या घरच्या विटेनं चारचौघांत उघडं दिसायचं नाही, असा रिवाज होता. तिच्यावर गुळगुळीत गिलावा चढवायचा आणि तो दगडच आहे असं भासवायचं. पुण्याकडचा एखादा जुना वाडा ढासळला, की चुन्याआडची पातळ, चपटी वीट अशीच ओशाळून बाहेर येते. इथली लाल वीट मात्र पहिल्या दिवसापासून ताठ मानेनं उघडी उभी आहे. वर उतरत्या लाल कौलांचं छप्पर आणि उंच धुराडी. खिडक्यांमध्ये एकवाक्यता अशी नाहीच. एक वाटोळी, एक टोकदार कमानीखालची, एक साधी वर-खाली सरकणारी. आतल्या माणसाला जिथे उजेड हवा, तिथे भिंतीला डोळा फुटला आहे. अंगणातल्या विहिरीवरही शंकूच्या आकाराचं भलंमोठं कौलारू छप्पर आहे. पाणी काढायला इतक्या नाट्याची गरज नव्हती, पण या घरात साधेपणाचीसुद्धा हौसच होती.

माझं मन सर्वांत जास्त रेंगाळतं ते छतापाशी. मान मागे टाकून नीट पाहिलं, की नक्षीच्या कडेकडेनं बारीक टोचे दिसतात. गिलावा ओला असतानाच ते पाडून ठेवले होते, म्हणजे पुढे रंग फिका पडला तरी कोणालाही त्या खुणांवरून तीच नक्षी पुन्हा भरता यावी. ठिपक्यांची रांगोळीच ती, फक्त उलटी टांगलेली. पुढच्या कित्येक पिढ्या आपल्या छताला रंग देतील, हा विश्वास त्या टोच्यांत आहे. प्रत्यक्षात मॉरिस कुटुंब तिथे राहिलं अवघी पाच वर्षं.

ती पाच वर्षं मात्र काय मजेची! मनासारखं सामान बाजारात मिळेना, म्हणून मित्रांनीच ते करायला घेतलं आणि त्या नादातून 1861 मध्ये चक्क कंपनी निघाली. दिवाणखान्यातल्या प्रचंड बाकाच्या माथ्यावर एक छोटा सज्जा आहे, वर जायला शिडी आहे. वादकांसाठी म्हणवल्या जाणाऱ्या या सज्ज्यातून वाऱ्यानं पडलेल्या, गोळा केलेल्या सफरचंदांचा मारा होई. एकदा नेम इतका अचूक बसला, की यजमानांचा डोळा काळानिळा झाला. त्यांना तर एक-दोन दिवसांत बहिणीच्या लग्नात वधूपित्याच्या जागी उभं राहायचं होतं. मित्रांनी त्यावरून त्यांना किती छळलं असेल, ते आपल्याकडच्या कुठल्याही नवरीच्या भावाला विचारावं. झाडं होता होईल तो न तोडता घर बांधल्यामुळे, उकाड्याच्या रात्री उघड्या खिडक्यांतून सफरचंदं आपसूक आत पडत, असंही लिहून ठेवलेलं आहे.

मग आजारपण आलं, लंडनची रोजची ये-जा झेपेना, जिवलग मित्रानं शेजारी राहायला यायचा बेत मोडला. 1865 मध्ये मॉरिसनं घर सोडलं, आणि पाहवणार नाही म्हणून पुन्हा कधी तिकडे पाऊल टाकलं नाही. दिवाणखान्याच्या भिंतींवर हाच मित्र, चित्रकार बर्न-जोन्स, सात चित्रं काढणार होता, तीनच झाली. आज ‘नॅशनल ट्रस्ट’ ही वारसा सांभाळणारी संस्था ती तीन चित्रं जपते, आणि न काढलेल्या चारांची जागाही. 2003 पासून घर त्यांच्याकडे आहे. उत्तरेची थंडी, विजोड खिडक्या, अर्धवट राहिलेले मनोरथ, सगळं जसंच्या तसं. आपल्या पंचविशीतल्या गोष्टी लोक अशा पुसून-झटकून, तिकीट लावून दाखवतील, या कल्पनेनंच मला तरी घाम फुटतो.

2013 मध्ये वरच्या निजायच्या खोलीत, एका मोठ्या कपाटामागे, झाकलं गेलेलं अख्खं भित्तिचित्र सापडलं. टांगलेल्या कापडाचा भास व्हावा म्हणून त्याला खाली चुण्याही रंगवलेल्या. त्यावर बायबलमधली मंडळी उभी आहेत. कोणती आकृती कोणाच्या हातची, याचा काथ्याकूट जाणकार करत आहेत, कारण ब्रश घेऊन तिथे चार-पाच मित्रमैत्रिणी वावरल्या असाव्यात. नोहा आहे, रेचल आणि जेकब आहेत, सापासह आदम आणि ईव्हही आहेत. म्हणजे सफरचंदानं ही खोलीसुद्धा सोडली नाही म्हणायची.