पंधरा मिनिटांचे बल्लवाचार्य

स्वयंपाक ही मुळात पंधरा मिनिटांची गोष्ट आहे, बायका ती उगाच लांबवतात, असं मानणारे एक काका बडोद्याच्या निजामपुऱ्यात दर दोन-तीन सोसायट्यांमागे सापडतात. एरवी निरुपद्रवी. आठवडाभर वरण-भात, मधूनच शेजारून आलेलं ढेबरं, पानात पडेल ते मुकाट जेवतात. शनिवारी रात्री मात्र मोबाइलवर कुणा गोऱ्या आचाऱ्याला बघतात आणि जाहीर करतात, "उद्या स्टेक! मी करणार. पंधरा मिनिटांत पानं मांडा!"

आता खरा स्टेक गोमांसाचा. गुजरातेत गोहत्येची शिक्षा 2017 च्या दुरुस्तीपासून जन्मठेपेपर्यंत जाते, आणि मुळात काकांनाही ते चालणार नाही. म्हणून बोकडाचे चॉप. सोबत साहेब लाल वाइन घेतो. पण हे राज्य 1960 साली जन्मलं तेच दारूबंदी घेऊन. म्हणून कोकम सरबत. एवढं सगळं बदलूनही नाव स्टेकच राहतं, कारण काकांचे पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते. "सयाजीराव महाराज 1887 साली विलायतेला गेले, तेव्हापासून बडोद्याच्या मराठी माणसाला साहेबी जेवणाची जाण आहे," असं ते सांगतात. पणजोबा हिशेबखात्यात होते आणि जन्मभर एकादश्या करत होते, हे काकू सांगतात.

रविवारी सकाळी काका खाटकाला 'बरोब्बर एक इंच' बजावून चॉप आणतात आणि वर्तमानपत्र घेऊन बसतात. मुलगा रोझमेरी शोधायला अलकापुरीला जातो. काकू माळ्यावरचा बिडाचा तवा काढतात, गंज घासतात, तेल लावून तापवतात. मग लसूण सोलणं, बटाटे उकडून कुस्करणं, आणि धुतलेल्या पंच्यानं मटण टिपून कोरडं करणं. रात्री आठ वाजता काका ओट्यापाशी येतात, घड्याळाकडे बघतात आणि म्हणतात, "हं, आता सुरू!"

तवा धुरावतो, चॉप चर्र करतात आणि व्याख्यान उकळू लागतं. "ओलं मटण टाकलं तर तवा पाणी उडवण्यातच गुंततो. पाणी असेतो 100 अंशांच्या वर मजल जात नाही, आणि हा तपकिरी खमंगपणा 140 च्या आसपास सुरू होतो. माय्यार नावाच्या फ्रेंच माणसानं 1912 साली सांगितलंय!"

"आमच्या आजेसासूबाई वाटणाचं खोबरं लाल करायच्या, त्या काय त्याची वाट बघत थांबल्या होत्या?" काकू विचारतात.

एव्हाना धूर जिन्यात पोचलेला असतो. समोरच्या शाकाहारी घराच्या खिडक्या एकेक करून बंद होतात. काका लोणी सोडतात, चमच्यानं चॉपवर ओततात, गॅस बंद करतात. "आता पाच मिनिटं कुणी हात लावायचा नाही. मटणाला विश्रांती हवी. लगेच कापलं तर रस ताटात पळतो." त्या घरात दिवसभरात विश्रांती मिळालेलं हे पहिलंच कुणी.

मग सुरी फिरते. आतून गुलाबी.

"बाबा, रक्त!"

"रक्त नव्हे रे, मायोग्लोबिन!"

मायोग्लोबिनवर कुणाची भूक भागत नाही. काकू न बोलता चॉप उचलतात, कांदा-खोबऱ्याच्या वाटणासकट कुकरात घालतात आणि शिट्ट्या मोजतात. दहाच्या सुमारास सगळे रस्सा ओरपतात. काका दुसऱ्यांदा भात घेताना म्हणतात, "बघितलंत? तव्यावर आधी रंग आणला म्हणून ही चव." दुर्दैवानं हे खरं असतं.

सोमवारी सकाळी समोरच्या बेन काकूंना जिन्यात गाठतात. वास आला, पण विचारल्यावाचून राहवत नाही. "काले साहेबे रांध्युं? केटलो टाइम लाग्यो?"

काकू तव्याचं काळं अजून नखांत घेऊन उभ्या असतात. म्हणतात, "एमने पंदर मिनिट. मने आखो रविवार."