खडूवाले आणि पाववाले

शॅम्पेनच्या बाटलीवर साल छापलेलं दिसलं की माणसं आपोआप आवाज खाली आणतात. एरवी शॅम्पेन बनवणारी घराणी अनेक वर्षांच्या वाइन एकमेकींत मिसळून दरवर्षी तीच चव जुळवून आणतात. एखाद्या वर्षी द्राक्षं जमून आली, की त्या एकाच वर्षाची निराळी बाटली काढतात आणि ती किमान तीन वर्षं तळघरात ठेवतात. नामांकित घराणी तर त्याहून कितीतरी जास्त. सिद्धांत असा, की या बाटलीत घराण्यानं मागं सरायचं आणि वर्षाला बोलू द्यायचं.

मला तो पटलेला नाही. वर्ष बोलतं खरं, पण घराण्याच्याच हेलात.

लंडनमधल्या आमच्या मराठी मित्रमंडळींत अशी बाटली वर्गणी काढून येते. (वर्गणी काढल्याशिवाय आम्हाला कुठलाच आनंद पचत नाही.) आणि बाटली आली की दोन पक्ष पडतात.

एक पक्ष खडूवाल्यांचा. त्यांना फक्त शार्दने हे पांढरं द्राक्ष हवं, तेही एपर्नेच्या दक्षिणेकडच्या चुनखडीच्या उतारांवरचं. त्यांचं दैवत म्हणजे सलॉन: एकच गाव, एकच द्राक्ष, आणि वर्ष मनासारखं नसेल तर बाटलीच नाही. या शॅम्पेनला खडूची चव असते असं जाणकार म्हणतात, तेव्हा इतर देशांचे लोक नुसती मान डोलावतात. आम्ही मात्र या विषयातले अधिकारी. बाई फळ्याकडे वळल्या की पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा आमच्या दाताखाली जायचा. आधी करकर, मग जीभ आत ओढून घेणारा कोरडेपणा, मग उगाचच सुटणारं पाणी. सलॉनच्या घोटानंतर तोंडात जे मागे उरतं, ते याच्या बरंच जवळचं आहे. पेन्सिल स्वस्त पडायची, एवढंच.

मी दुसऱ्या पक्षातला, पाववाला. आमचं घराणं बॉलिंजर. पिनो न्वार या काळ्या द्राक्षाचा भरणा जास्त, आणि सालाची वाइन आंबवायची ती जुन्या ओकच्या पिंपांत. बाटलीत दुसऱ्यांदा आंबताना यीस्ट मरून तळाशी बसतं आणि वर्षानुवर्षं तिथंच पडून वाइनला भाजलेल्या पावाचा वास देत राहतं. मेल्यानंतर इतकं काम करणारं दुसरं कोणी माझ्या पाहण्यात नाही. ग्लास जरा कोमट होऊ द्यावा. पावामागून अक्रोड येतो, मग सफरचंद. खडूवाल्यांना तेवढा धीर नसतो. ते थंडच पितात आणि आम्हाला जड म्हणतात.

२००३ वर तर हटकून भांडण. त्या एप्रिलमध्ये कडाक्याच्या थंडीनं कोंब जळाले, सगळ्यात जास्त मार शार्दनेलाच बसला. पुढं ऊन असं तापलं की तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली. सलॉननं त्या वर्षी बाटली काढली नाही. बॉलिंजरनं काढली, पण आपलं 'ग्राँद आने' हे मानाचं नाव तिला न देता '२००३ बाय बॉलिंजर' म्हणून. खडूवाल्यांच्या मते गप्प राहण्यातच खानदानीपणा. आमचं म्हणणं, वाईट वर्षातही काहीतरी करून दाखवावं, फक्त नाव जपून वापरावं.

भांडण फारच तापलं, तर मी बाल्टिक समुद्राचा विषय काढतो. २०१० मध्ये ओलांड बेटांजवळ बुडालेल्या एका जहाजात शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सापडल्या, एकोणिसाव्या शतकातल्या. त्यात साखर निघाली लिटरला सुमारे १५० ग्रॅम! आजच्या ब्रूतमध्ये, म्हणजे कोरड्या शॅम्पेनमध्ये, ती १२ च्या वर चालत नाही. त्या काळच्या शौकिनानं आमच्या दोन्ही ग्लासांना तोंड वाकडं केलं असतं.

आमच्यात एक गृहस्थ आहेत. बाटल्यांना कागद गुंडाळून नाव न बघता चाखूया, म्हणजे काय ते कळेल, असं ते दर खेपेला सुचवतात. त्यांना पुढच्या वेळी बोलवायचं नाही, यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे.