इरिलची दोन टाकी

युरो मोजून अथेन्सचे पडके खांब बघून येणारी आपली मंडळी नारायणगावात मिसळ चापतात, पण जुन्नरकडे वळतात ती फार तर द्राक्षांसाठी. तिथल्या शिवनेरीच्या लेण्यांत सुमारे २,००० वर्षांपूर्वी इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या दुसऱ्याने संघाला भोजनमंडप दिला. मानमोडीच्या लेण्यात तिसरा, चंद. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा आणि मोजका मजकूर: कोणी दिलं, काय दिलं. संपलं! आमदार निधीतल्या बसथांब्यावर याच्या दसपट अक्षरं असतात, वर हात जोडलेला फोटो. (थांब्याला छप्पर असेलच असं नाही.)

नाव कोरायची हौस आपल्यालाही दांडगी. लेण्याच्या भिंतीवर बदाम, बदामात बाण, दोन्ही टोकांना नावं. देणगीचा रकाना तेवढा कोरा. नाही म्हणायला, टाक्यात रिकाम्या बाटल्या सोडून येतो.

हीच मंडळी अथेन्सहून परत आल्यावर कौतुकाने सांगतात, "तिकडे काय शिस्त हो! दगडाला नुसता हात लावला तर शिट्टी मारतात."