टॉर्च धरणाऱ्यांसाठी सूचना

गाडीचं ऑइल घरच्या घरी कसं बदलावं हे शिकवणारे व्हिडिओ रग्गड आहेत. त्यांत बोल्ट दिसतो, पाना दिसतो, माणसाचे कोरे करकरीत हातमोजे दिसतात. टॉर्च कोणी धरली आहे, ते मात्र दिसत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील सूचना जारी करण्यात येत आहेत. त्या नवी मुंबईतल्या स्टिल्ट पार्किंगवाल्या इमारतींना लागू राहतील. बंगलेवाल्यांनी आपापलं पाहावं.

व्याख्या : 'हे' म्हणजे ज्यांच्या नावावर गाडी आहे ते. 'सहाय्यक' म्हणजे जिला रविवारी सकाळी "अगं, दोन मिनिटं खाली येतेस का?" असं विचारलं जातं ती. 'दोन मिनिटं' या शब्दांची व्याख्या प्रस्तुत लेखिकेच्या आवाक्याबाहेरची आहे.

नियम १. ऑइल कोमट असताना उतरवावं. कोमट ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन येतं. त्यासाठी पाच-दहा मिनिटं इंजिन चालवलं तरी भागतं. आमचे हे मात्र पाम बीच रोडने नेरुळहून वाशीला जातात, तिथे वडापाव खातात आणि परत येतात. तोवर सायलेन्सरच्या पाइपाजवळ हात नेण्याची सोय राहत नाही, म्हणून इंजिन जरा निवेपर्यंत वर येऊन चहा, पेपर आणि पुरवणी. पुरवणीतलं शब्दकोडं सुटेस्तोवर ऑइल पार थंड झालेलं असतं.

नियम २. इथे थट्टा बंद. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही. दोन्ही बाजूंना स्टँड हवेत. स्टँडखाली जाड फळी हवी, कारण पावसाळा झाला की पेव्हर ब्लॉक कुठे खचलेत ते वरून कळत नाही. मागच्या चाकांना विटा, हँडब्रेक ओढलेला. एवढं झालं की हे आत शिरायच्या आधी मी गाडीला खांद्याने एक सणसणीत धक्का देऊन बघते. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं हे विचारतात. नाही.

नियम ३. घरातली परात, पातेलं किंवा नरसाळं मागितलं गेल्यास 'सापडत नाही' एवढंच सांगावं.

नियम ४. टॉर्च बोल्टवर धरावी, यांच्या डोळ्यांवर नाही. काम चालू असताना प्रश्न विचारू नयेत. "अहो, नक्की हाच का तो बोल्ट?" हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे, कारण गाडीखाली बोल्ट दोन असतात. एक इंजिनाच्या चेंबरचा. ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्याला मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. दुसरा गिअरबॉक्सचा.

एका रविवारी बोल्ट सुटला आणि खालच्या ट्रेमध्ये मधाच्या रंगाचं, नितळ ऑइल उतरू लागलं. गाडीखालून आवाज आला, "बघ! दहा हजार किलोमीटर झाले तरी केवढं स्वच्छ! गाडी चालवायचीसुद्धा एक पद्धत असते." वॉचमन वाकून बघून गेला. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "आमचं काळंकुट्ट निघतं हो." त्यावर यांनी त्यांना क्लच कसा दाबावा ते आडव्यानेच समजावून सांगितलं.

वर्षभर चाललेलं ऑइल काळंच निघतं. इंजिनातली काजळी आणि मळ स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. ते नितळ निघालं तर कौतुक करायच्या आधी बॉनेट उघडावं. मी डिपस्टिक ओढली, पुसली, घालून पुन्हा काढली. वरच्या खुणेपर्यंत भरलेली. "इंजिन रिकामं झालंय ना?" मी विचारलं. "मग पट्टी भरलेली कशी?"

गाडीखाली बराच वेळ शांतता होती. सेक्रेटरींना एकदम पाण्याच्या टाकीची आठवण झाली.

निघालं होतं ते गिअर ऑइल. तसंच पुढे रेटलं असतं, तर इंजिनात आहे त्यावर आणखी तीन लिटर पडलं असतं. एवढं झालं की क्रँक ते घुसळते, फेस होतो, सील गळायला लागतात. आणि गिअरबॉक्स कोरडा. गिअर ऑइल आणायला आम्ही रिक्षाने गेलो. मीटरकडे मीच बघत होते.

नियम ५. बोल्टाचा वॉशर दर वेळी नवा घालावा. किंमत किरकोळ असते, म्हणून तो आणायचाच राहतो.

नियम ६. जुना फिल्टर निघाला की त्याची रबरी रिंग त्याच्यासोबतच आली का ते पाहावं. ती इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला, तर गाडी सुरू केल्याबरोबर सगळं ऑइल फरशीवर येऊ शकतं. नव्या रिंगला बोटाने ऑइल चोपडायचं, फिल्टर हातानेच टेकेपर्यंत फिरवायचा आणि मग आणखी पाऊण फेरा. बोल्टाच्या वेळीही पान्यावर लोंबकळायचं नाही. चेंबर ॲल्युमिनियमचा असला तर आटे जातात, आणि तो खर्च ऐकून माणसं दुरुस्तीऐवजी नवी गाडी घेण्याच्या गोष्टी करू लागतात. आमच्याकडे तशाही त्या चालू असतात.

नियम ७. बघे. सेक्रेटरी टाकीवरून परत येतील आणि कॅनवरचं लेबल वाचतील. "०डब्ल्यू-२०? हे तर पाणी आहे! २०डब्ल्यू-५० टाका, इंजिन गप्प होतं." वाद घालू नये. गाडीच्या पुस्तकातलं पान उघडून बॉनेटवर ठेवावं. नवी इंजिनं पातळ ऑइल धरूनच बेतलेली असतात, घट्ट ऑइल सकाळी गाडी सुरू करताना वरपर्यंत पोचायला वेळ लावतं. सेक्रेटरींची गाडी जुनी आहे आणि तिच्या पुस्तकात घट्ट ऑइल असेलही. पण त्यांनी पुस्तक कधी उघडलेलं नाही.

नियम ८. काळं ऑइल. ते गटारात ओतू नये. आपल्या शहरात पावसाचं पाणी सिडकोने बांधलेल्या धारण तलावांत साठतं आणि तिथून खाडीत जातं. या ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरतात, २०२२मध्ये तिला रामसर दर्जाही मिळाला. आमचे हे हिवाळ्यात डीपीएस तलावाच्या काठावर दुर्बीण लावून तासन्‌तास उभे असतात, त्यामुळे हा एक मुद्दा त्यांना पटवावा लागला नाही. समोरच्या बांधकामावरचा मुकादम शटरिंगच्या प्लेटांना लावायला हे ऑइल मागेल. त्यालाही देऊ नये. २०१६च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे, ते पुन्हा शुद्ध करणाऱ्याकडेच जायला हवं.

म्हणून आम्ही ते रिकाम्या कॅनमध्ये भरून गॅरेजात नेतो. तिथला मिस्त्री आधी त्याच्या ड्रमकडे बोट दाखवतो आणि मग यांच्या नखांकडे बघतो. ऑइल आणि फिल्टर आपण नेऊन दिले तर बदलण्याची मजुरी तो किती घेतो, हे मी एकदा हळूच विचारून ठेवलं आहे. स्टँड, पाने, हातमोजे, रिक्षा, गिअर ऑइल आणि यांचे कायमचे बाद झालेले दोन शर्ट एका बाजूला मांडले आहेत. हिशेब तयार आहे. यांना दाखवलेला नाही आणि दाखवणारही नाही. गाडीखालून बाहेर आल्यावर हे लिफ्टमध्ये भेटेल त्याला जे सांगत सुटतात, ते बंद पडेल.

नियम ९. त्या रात्री गाडीखाली एक कोरा पुठ्ठा ठेवावा. सकाळी त्यावर डाग दिसला तर इंजिन सुरू न करता आधी बोल्ट आणि फिल्टर तपासावा. डाग नसला तर पुठ्ठा फेकू नये. हे तो सेक्रेटरींना दाखवायला नेतात.