मुंबईदर्शनाचे कारभारी

ज्या गावाचे रेल्वे स्टेशन ताकारीला, ज्या गावात मामलेदार कचेरी असूनही तालुक्याचे नाव मात्र वाळवा, आणि ज्याला बगल देऊन पुणे-बंगळूरचा हमरस्ता पेठ नाक्यावरून परस्पर निघून जातो, त्या इस्लामपुरात जन्मलेल्या माणसाला, प्रवास ही गोष्ट मनात आले आणि उठून निघाले इतकी सोपी नसते, हे ज्ञान बाळकडूबरोबरच पाजले जाते. या ज्ञानातूनच आमच्याकडे एक वर्ग उदयास आला असून त्याचा निदान एक तरी प्रतिनिधी प्रत्येक आळीत नांदत असतो. त्याची कोणी नेमणूक केलेली नसते, त्याला वेतन नसते. पण दिवाळी किंवा मे महिन्याची सुटी तोंडावर आली आणि एखाद्या कुटुंबाने ‘यंदा मुंबई पाहून येऊ’ असा शब्द उच्चारला, की त्या घरची पोरे प्रथम याच्या ओसरीवर जाऊन उभी राहतात. मी त्याला कारभारी म्हणतो. कारण राज्य दुसऱ्याचे, खजिना दुसऱ्याचा आणि शिक्का तेवढा आपला, ही जुन्या कारभाऱ्यांची स्थिती त्याच्याही वाट्याला पुरेपूर आलेली असते.

हा गृहस्थ बहुधा महसूल खात्यात अव्वल कारकुनी करून सेवानिवृत्त झालेला असतो. सातबाऱ्याचे उतारे, फेरफाराच्या नोंदी आणि पंचनामे यांत ज्याची हयात गेली, त्याला मुंबईसुद्धा अद्याप नीट मोजणी न झालेला एक सर्व्हे नंबर वाटावा, यात नवल नाही. त्याचे मुंबईचे दप्तर तांबड्या रुमालात बांधलेले असून ते त्याला वडिलांकडून वारसाने आलेले आहे. मूळ आराखडा वडिलांच्या मोडी वळणाच्या अक्षरात असून त्यात भायखळ्याहून बोरीबंदरापर्यंतचा प्रवास ट्रामने करावा, असे कलम आहे. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली, तेव्हा वडिलांनी समासात ‘तूर्त बंद’ असा शेरा मारला. आणि मंजूर कागदावर खाडाखोड करणे तत्त्वात बसत नसल्यामुळे चिरंजीवांनी तो आजतागायत कायम ठेवलेला आहे.

परंतु मुंबई हे शहर कागदपत्रांचा मान राखणारे नव्हे. काळा घोडा म्हणून ओळखला जाणारा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली आपल्या चौकातून उचलून राणीच्या बागेत नेण्यात आला. त्यामुळे आराखड्यातील दोन कलमे एकाच ठिकाणी येऊन पाऊण तासाची बचत झाली, आणि ती ‘शिल्लक वेळ’ या सदरात रीतसर जमा करण्यात आली. पुढे २०१७ मध्ये त्या चौकात स्वार नसलेला नवा काळा घोडा उभा राहिला, तेव्हा बावन्न वर्षे जमेस असलेला पाऊण तास पुन्हा खर्ची टाकण्याची पाळी आली. मात्र या खेपेस घोड्यावर राजा नसल्याने पाच मिनिटांची वजावट मिळाली. त्याच वर्षी राणीच्या बागेतील पेंग्विन लोकांना पाहण्यास खुले झाले. पेंग्विनला किती मिनिटे द्यावीत, याला वडिलांच्या कागदांत पूर्वदाखला न सापडल्यामुळे ते कलम अद्याप प्रलंबित आहे.

गेट वे ऑफ इंडियाविषयी त्याचे मत प्रतिकूल आहे. ज्या पंचम जॉर्जच्या आगमनाप्रीत्यर्थ ती कमान उभारायची, तो १९११ च्या डिसेंबरात बंदरावर उतरून, दिल्लीचा दरबार आटोपून परतही गेला, आणि कमानीचे उद्घाटन झाले १९२४ च्या डिसेंबरात. पाहुणा गेल्यानंतर तेरा वर्षांनी मांडव पुरा होणे हे कारभाऱ्याच्या दृष्टीने नियोजनाच्या अभावाचे चिरंतन स्मारक असून, तो ते मुलांना याच अर्थाने दाखवतो. उलट घारापुरीच्या बाबतीत त्याची बुद्धी प्रफुल्लित होते. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, ही गोष्ट कित्येक उतावळ्यांना धक्क्यावर गेल्यावर कळते. कारभाऱ्याला ती मुखोद्गत असते. शिवाय ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो हत्ती बेटावर नसून भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे, हेही त्याला ठाऊक असते. तेव्हा सोमवारी हत्ती पाहावा आणि मंगळवारी लेणी, असा त्याचा निवाडा आहे; आणि मंगळवारी लाटा मोठ्या असल्यास, हत्ती पाहिला म्हणजे लेणी पाहिलीच असे गृहीत धरण्यास कायद्याची हरकत दिसत नाही, अशी पुरवणीही त्यास जोडलेली आहे. (इस्लामपूरहून घटकाभरात पोहोचता येईल अशा बहे येथे कृष्णेच्या पात्रातले रामलिंग बेट आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती आहे, तो मात्र याने अद्याप पाहिलेला नाही. जेथे वेळापत्रकाशिवाय जाता येते, तेथे जाण्यात त्याला स्वारस्य नसते.)

त्याच्या प्रतिभेचा खरा विलास पाहावा तो खाद्यप्रकरणात. मुंबईत कोठे काय खावे याविषयी लोक चवीचा विचार करतात. कारभारी सेवाज्येष्ठतेचा करतो. धोबी तलावाचे कयानी १९०४ चे, क्रॉफर्ड मार्केटसमोरचे बादशाह १९०५ चे, दादरचे मामा काणे १९१० चे आणि बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे, हा क्रम एकदा ठरला, की कनिष्ठास वरिष्ठाच्या आधी पाचारण करणे त्याला प्रशस्त वाटत नाही. परिणामी, कयानीत ब्रून मस्का आणि चहा, लगेच भर सकाळी बादशाहचा फालुदा, तेथून लोकलने थेट दादरला जाऊन काण्यांचा बटाटवडा, आणि तो खाऊन, जेथून निघालो त्याच अंगाला परत येऊन ब्रिटानियाचा बेरी पुलाव, असा दिवस आखला जातो. कोणी नवख्याने मधले अंतर नकाशावर दाखवले, तर ‘बढतीत अंतर पाहत नाहीत’ एवढेच उत्तर मिळते.

या स्थळांची सांगड भुकेशी घालण्यासाठी त्याने जी पद्धत योजली आहे, ती महसूल खात्यात उभा जन्म काढल्यावाचून सुचणे शक्य नव्हते. उभ्या पिकाची जशी आणेवारी काढतात, तशी तो निघण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाच्या भुकेची आणेवारी काढतो. सोळा आणे म्हणजे भरघोस भूक. त्याच्या घरच्या सहलीत चिरंजीवांची बारा आणे, मेहुण्याची चौदा, सासूबाईंची दाताअभावी पाच. चार आण्यांच्या आत पीक आले म्हणजे सारा जसा तहकूब व्हावयाचा, तसा चार आण्यांच्या आतील प्रवाशाचा बटाटवडा तहकूब होतो, आणि चार ते सहा आणे असेल त्याला अर्धा मंजूर होतो.

या निर्दोष यंत्रणेत एकच दोष असतो, आणि तो म्हणजे कारभारीणबाई. मुंबईत माणसाला खायला मिळते, यावर त्यांचा विश्वास नसतो. निघण्याच्या आदल्या रात्री माजघरात आराखड्याचे जाहीर वाचन चालू असता आतून दशम्या भाजल्याचा वास येऊ लागतो आणि कलम सातपाशी कारभारी थांबतात.

“अगं, हे कशाला? सगळ्याची तरतूद केलेली आहे.”

“तरतूद कागदावर हाय. पोरं काय कागद खाणार हायत?”

मग दशम्या, धपाटी, शेंगदाण्याची चटणी, उसळीचा डबा आणि कऱ्हाडच्या पुढे कोणाला मळमळले तर म्हणून लिंबाचे लोणचे, असा सरंजाम एका गाठोड्यात बांधला जातो. गाठोड्याला आराखड्यात कलम नसते, आणि नसलेल्या कलमावर हरकत घेता येत नाही.

प्रत्यक्ष प्रवासाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कारभाऱ्यालाही तो फारसा आवडत नाही. पूर्वी मुक्काम लालबागेत, गिरणीत नोकरीला असलेल्या चुलत्याच्या खोलीत असे. सातारा-सांगलीकडची निम्मी माणसे जेथे पाळीपाळीने झोपत आणि पाळीपाळीने कामावर जात, त्या दहा बाय बाराच्या जागेत आणखी सहा पाहुणे सहज मावत. १९८२ च्या संपाने गिरण्यांचे भोंगे थांबले आणि चुलत्याचा मुलगा डोंबिवलीला गेला. आराखड्यात मुक्काम अजून लालबागच आहे.

मजा पाहावी ती काण्यांकडे पोहोचल्यावर. रात्रभर एस.टी.त धपाटी, खंबाटकीच्या घाटात चटणी आणि पहाटे वाशीच्या पुलावर उरलेल्या दशम्या पोटात गेलेली मंडळी धोबी तलाव आणि क्रॉफर्ड मार्केट कसेबसे पार पाडून दादरला येते. बाकावर टेकताच सासूबाई डोळे मिटतात. चौदा आण्यांचा मेहुणा नुसते पाणी मागतो. कारभारी खिशातून कागद काढून चष्म्याखालून एकेकाकडे पाहत नव्याने आणेवारी काढू लागतात: दोन, तीन, दोन, शून्य. नियमाप्रमाणे संपूर्ण तहकुबी. तरी बटाटवडे मागवले जातात, कारण तरतूद झालेली रक्कम त्या दिवसात खर्ची न पडली तर ती बुडते, हा खात्याचा दंडक आहे. आणि सहा माणसांचे बटाटवडे एकटे कारभारी, मंजुरी पाळण्याच्या कर्तव्यबुद्धीने, घामाघूम होत संपवतात. पुढे ब्रिटानियात बसल्यावर त्यांच्या स्वतःच्या भुकेची काय आणेवारी निघाली, याची नोंद दप्तरात आढळत नाही.

परत आल्यावर हिशेबाची रुजवात होते. ती तीन दिवस चालते, आणि खरे सांगायचे तर हाच त्याच्या सहलीतला सर्वांत सुखाचा काळ. तिकिटे, पावत्या, चिठ्ठ्या सुतळीला ओवून तो प्रत्येक रुपयाला त्याच्या सदरात नेऊन बसवतो. यंदाच्या रुजवातीत मात्र परतीच्या दिवशीचे काही रुपये कोठेच बसेनात. मुलांचे जाबजबाब झाले. मुले परस्परांकडे पाहून गप्प राहिली. मेहुण्याने ‘माहीत नाही’ असे लेखी दिले. अखेर चौकशीचा रोख स्वयंपाकघराकडे वळला.

“दादर टेसनाबाहेर वडापाव घेतला म्या,” कारभारीणबाई परातीतले पीठ न सोडता म्हणाल्या. “वास आला. पोरांनी खाल्ला, म्या बी खाल्ला. आईनं दोन खाल्ले.”

“सासूबाईंनी? त्यांची तर पाच आणे...”

“गरम हुता.”

कारभारी बराच वेळ निःशब्द बसले. मग त्यांनी तांबड्या शाईची दौत पुढे ओढली, फूटपट्टी लावली आणि हिशेबाच्या वहीत आजवर नसलेला एक रकाना उभा आखला. रक्कम त्यात मांडून झाली आहे. मथळ्याच्या जागी काय लिहावे, याविषयी स्वयंपाकघराचा अभिप्राय मागवला असून तो येईपर्यंत पुढील वर्षाचा आराखडा स्थगित आहे.